पातळ गिटार

आपल्याकडे गवयांचे गट पडतात ते घराण्यांवरून. इकडे अमेरिकेत गिटारवाल्यांचे पडतात ते लाकडाच्या जाडीवरून. आणि जाडीतला फरक तरी किती, तर दीड सेंटिमीटर! गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' नावाच्या इलेक्ट्रिक गिटारीचं अंग कडेला साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं, आणि त्याच कंपनीच्या 'एसजी'चं साडेतीन. या दीड सेंटिमीटरवरून चांगली संसारी माणसं एकमेकांशी आठ आठ दिवस बोलत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. आईला फोनवर सांगितलं की आमच्याकडे पातळावरून भांडणं झाली, तर तिला आधी नेसायचं पातळच वाटलं. भांडणाचं स्वरूप ऐकल्यावर म्हणाली, "त्यापेक्षा साडीवरून भांडलेलं बरं."

मी बॉस्टनच्या उत्तरेला, लोवेलच्या बाजूला राहतो. पोटासाठी यंत्रांची थरथर मोजतो, म्हणजे पंप, पंखे, मोटारी कुठे नि किती हलतात ते बघणं हा माझा धंदा. गिटारवादन मात्र यथातथाच. पुण्यात कॉलेजात असताना एक गिवसन घेतली होती (गिब्सन नव्हे, गिवसन, आपली कोलकात्याची), तिच्यावर चार कॉर्ड बसवल्या आणि त्या चारांवर आजपर्यंत निभावलं. दर शुक्रवारी संध्याकाळी एका गराजमध्ये चारपाच जण जमतात, त्यात मला घेतलं आहे ते माझ्या वाजवण्यासाठी नाही. मी येताना समोसे आणतो, आणि 'हा व्हायब्रेशनवाला आहे' म्हणून वाद मिटवायला उपयोगी पडेन असा त्यांचा समज आहे.

मंडळींची नावं सांगत नाही. ज्याचं जे वाद्य तेच त्याचं नाव. लेस पॉलवाला चौसष्ट वर्षांचा, निवृत्त मशिनिस्ट, लेथवर हजारातल्या एका इंचाचा हिशेब करण्यात आयुष्य गेलेला. चाळीस वर्षं शनिवार-रविवार बारमध्ये, लग्नांत, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये वाजवत आलाय. इकडे साठीच्या माणसालाही नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण मी मनातल्या मनात त्याला 'अहो'च म्हणतो. एसजीवाला शाळेत गणित शिकवतो, बारीक, तरतरीत, प्रत्येक मुद्द्याचा पुरावा मागणारा. दुरुस्तीवाल्याचं गिटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. ड्रमर कुणाचीच बाजू घेत नाही आणि समोसे सगळ्यांत जास्त खातो.

वर्षानुवर्षं हा वाद गमतीचाच होता. एसजीवाला लेस पॉलला 'बोटीचा नांगर' म्हणायचा आणि लेस पॉलवाला एसजीला 'भाजी चिरायची फळी'. गेल्या वर्षी मात्र लेस पॉलवाल्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली. मानेतली चकती सरकून नस दाबली जात होती. डॉक्टरांनी गिटार किती जड असते म्हणून विचारलं, यानं वजनकाट्यावर ठेवून आणलेला आकडा सांगितला, पावणेपाच किलो. चाळीस वर्षं डाव्या खांद्यावर पावणेपाच किलो. डॉक्टर म्हणाले, हे बंद.

खुर्चीवर बसून वाजव, असं मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की कीर्तनकाराला झोपून कीर्तन कर म्हणून सांगितलंय. मग उरला एकच मार्ग, हलकी गिटार. हलकी म्हणजे पातळ. आणि पातळ म्हणजे, त्याच्या मते, आवाज गेला. "टोन गेल्यावर उभं राहून तरी काय करू?" असं तो म्हणाला आणि गराजमध्ये पहिल्यांदाच कुणी विनोद केला नाही.

आता इथे थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. आपल्या तंबोऱ्याचं बघा. तार छेडली की घोडी हलते, घोडीखाली तबली हलते, तबलीमुळे भोपळ्यातली हवा हलते आणि मग तो नाद आपल्या कानात येतो. तार एकटी असती तर जेमतेम डासाएवढा आवाज झाला असता. म्हणून मिरजेचे कारागीर भोपळा निवडताना एवढे चोखंदळ असतात. तंबोऱ्यात अंग म्हणजेच आवाज.

इलेक्ट्रिक गिटारीत हे सगळं उलटं आहे. तारा पोलादाच्या, त्यांच्याखाली पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते, ती अँप्लिफायरला जाते आणि आवाज स्पीकरमधून येतो. लाकडाने हवा हलवायची गरजच नाही. किंबहुना लाकूड जेवढं हलेल तेवढी तारेची शक्ती लाकडात जिरणार आणि सूर लवकर मरणार. पोकळ गिटारीला पिकअप लावला तर आणखी एक भानगड होते. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटात शिरतो, ते पोट हलतं, तार हलते, आवाज आणखी वाढतो आणि शेवटी लग्नाच्या हॉलमधल्या माइकसारखी कानठळी बसवणारी शिट्टी सुरू होते.

हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांतला एक म्हणजे खुद्द लेस पॉल. हा माणूस होता, गिटार नंतर. (जन्म १९१५, मृत्यू २००९. नव्वदी उलटल्यावरही न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबात सोमवारी रात्री वाजवायचा, संधिवाताने बोटं आखडलेली असताना.) १९४० च्या आसपास हा रविवारी, सुट्टीच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात जाऊन एक प्रयोग करत बसायचा. चार इंच बाय चार इंच पाइनचा चौकोनी सोट घेतला, त्याला गिटारीची मान लावली, तारा चढवल्या, पिकअप बसवला. नाव ठेवलं 'द लॉग', म्हणजे ओंडका. त्याचा सूर लांब टिकायचा आणि शिट्टीही मारायचा नाही. तो घेऊन क्लबात वाजवायला गेला तर लोकांना काही पसंत पडेना. मग त्याने एक एपिफोन गिटार मधोमध कापून तिची दोन अर्धुकं ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखी जोडली. वाद्य तेच, सोट तोच, आवाजही तोच, फक्त आता ते गिटारीसारखं दिसायला लागलं, आणि लोक खूश झाले. माणसं डोळ्यांनी ऐकतात, असा निष्कर्ष त्यातून त्याने काढला आणि पुढे आयुष्यभर तो किस्सा सांगितला. तो ओंडका नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक संग्रहालयात आहे. १९५८ साली गिब्सनने ईएस-३३५ आणली तीही थोडीफार याच युक्तीवर, मध्ये मेपलचा ठोकळा आणि दोन बाजूंना पोकळ पंख.

तर १९५२ मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली. महोगनीचं जाड अंग, त्यावर मेपलची फुगीर फळी, अगदी व्हायोलिनच्या घराण्यातली वाटावी अशी. दिसायला देखणीच, मीही मान्य करतो. पण १९५४ मध्ये फेंडरने स्ट्रॅटोकास्टर आणली, जिच्या कडा बरगड्यांना टोचू नयेत म्हणून घासलेल्या होत्या. लेस पॉलचा खप उतरला. मग १९६१ मध्ये गिब्सनने लेस पॉलचं सगळं रूपच पालटलं. मेपलची फळी गेली, नुसती महोगनी राहिली, तीही पातळ, कडा तासलेल्या आणि वरखाली दोन टोकदार शिंगं. सुरुवातीला हिचंही नाव लेस पॉलच होतं. खुद्द लेस पॉलला ही शिंगं आवडली नाहीत, १९६३ पर्यंत त्याचं नाव निघालं आणि उरलं 'एसजी', म्हणजे सॉलिड गिटार. हे नाव नक्की आमच्यासारख्या इंजिनियरांच्या मीटिंगमध्ये ठरलं असणार. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी जुन्या जाड गिटारींना असा काही भाव आणला, की १९६८ मध्ये कंपनीला जाड लेस पॉल परत काढावी लागली. तेव्हापासून दोन्ही सुखाने विकल्या जातायत आणि गिऱ्हाइकं भांडतायत.

जाता जाता, नावावर जाऊ नका. १९६८ सालीच फेंडरने 'टेलिकास्टर थिनलाइन' काढली. रॉजर रॉसमाइसल नावाच्या जर्मन कारागिराचं काम. नाव थिन, पण जाडी नेहमीच्या टेलिकास्टरएवढीच. चांगलं हलकं अ‍ॅश लाकूड मिळेना म्हणून आतून पोकळ केली होती. म्हणजे पोट खपाटीला, पण वरून अंगरखा तोच.

लेस पॉलवाल्याचं म्हणणं साधं होतं. जाड लाकूड, जाड आवाज. एसजीवाला यावर एका माणसाचं नाव घ्यायचा आणि गप्प बसायचा. टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथचा. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी याच्या दोन बोटांची पेरं गेली, तीही नेमकी तारा दाबायच्या हाताची, कारण हा डावखुरा. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. १९७० मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा त्याच्या हातात एसजी होती. हेवी मेटल नावाचा, छातीत धडकी भरवणारा जो प्रकार आहे तो त्या रेकॉर्डपासून सुरू झाला असं मानतात. तेव्हा जाड आवाजासाठी जाड गिटार लागते हे म्हणणं जरा अवघडच आहे. एसी-डीसीचा अँगस यंग, तो शाळेची हाफ चड्डी घालून स्टेजभर उड्या मारणारा बुटका प्राणी, त्याच्या गळ्यातही एसजीच. पाच किलोचं धूड घेऊन त्या उड्या मारून दाखवाव्यात!

दुरुस्तीवाल्याकडे आणखी एक अस्त्र होतं, ते तो फार क्रूरपणे वापरायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बऱ्याचशा लेस पॉलच्या महोगनीत वजन कमी करायला भोकं पाडलेली असतात. वरून मेपलची फळी चिकटवली की काही दिसत नाही. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं 'अखंड लाकडाचा' आवाज ऐकत आणि वाखाणत होते.

मी माझ्या परीने गणित मांडून पाहिलं. एखादी फळी वाकवायला किती जोर लागतो हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. पाच आणि साडेतीन, म्हणजे लेस पॉलची फळी जवळपास तिप्पट ताठ. हे ऐकून लेस पॉलवाला खुलला. पण पुढे ऐकायला हवं ना. गिटार म्हणजे नुसतं अंग नव्हे. तिला मान आहे, आणि ती जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाड आणि पाचेक सेंटिमीटर रुंद. एक मऊ स्प्रिंग आणि एक कडक स्प्रिंग एकापुढे एक जोडल्या, तर कडक स्प्रिंग आणखी कडक करून काय फरक पडणार? जे काही वाकायचं ते मऊच वाकणार. इलेक्ट्रिक गिटारीत हलते ती मुख्यतः मान. हेल्मुट फ्लाइशर या जर्मन संशोधकाने मानेची ही थरथर मोजली आहे. काही ठरावीक सुरांना मान तारेबरोबर स्वतःच हलायला लागते, तारेची शक्ती पिऊन टाकते आणि तो सूर चटकन मरतो. वादक त्या जागेला 'डेड स्पॉट' म्हणतात. बेस गिटारवर तिसऱ्या-चौथ्या माणसाला तो सापडतोच, बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास. रेगेन्सबुर्गच्या मानफ्रेड त्सोलनर यांनी तर इलेक्ट्रिक गिटारीच्या भौतिकशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, आणि अंगाच्या लाकडाला त्यांनी फारसं महत्त्व दिलेलं नाही. त्यांच्या मते खरा फरक तारा, पिकअप आणि पुढची विजेची यंत्रणा यांचा.

एसजीचं वेगळेपण असलंच तर तिच्या मानेत आहे. लेस पॉलची मान सोळाव्या पडद्यापाशी अंगाला मिळते. एसजीची आणखी तीन-चार पडदे पुढे, अंगाला जेमतेम चिकटून. म्हणून ती जास्त लवते, इतकी की काही वादक मान हाताने हलकेच ढकलून सूर कंपवतात. म्हणजे भांडायचंच असेल तर मानेवरून भांडा, असं मी म्हटलं. एसजीवाला म्हणाला, पुरावा.

मग पुराव्यासाठी आम्ही एक शुक्रवार घालवला. दुरुस्तीवाल्याने पिकअपची एकच जोडी आधी लेस पॉलमध्ये आणि मग एसजीमध्ये बसवली. तारा एकाच जाडीच्या, नव्या. पिकअपची तारांपासूनची उंची लेस पॉलवाल्याने स्वतःच्या फीलर गेजने मोजली, दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. अँपच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. वाजवणार दोघं, एसजीवाला आणि लेस पॉलवाला, प्रत्येकाने तेच दोन तुकडे दोन्ही गिटारींवर वाजवून रेकॉर्ड करायचे. पुढच्या शुक्रवारी सगळे तुकडे उलटसुलट क्रमाने लावले आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहिलं, जाड की पातळ.

चिठ्ठ्या उघडल्या तर निव्वळ छापा-काटा. कुणाचाच काही अंदाज लागलेला नव्हता, लेस पॉलवाल्याचाही नाही. पण वाजवणारा कोण हे मात्र सगळ्यांनी दरवेळी अचूक ओळखलं, समोसा खाता खाता ड्रमरनेसुद्धा.

मला वाटलं, झालं, मिटलं. लेस पॉलवाला शांतपणे म्हणाला, "तुमची टेस्ट बरोबर आहे. पण मी काही टेपरेकॉर्डर नाही." मग त्याने जे सांगितलं ते मला पटलं. तो म्हणाला, की त्याला आवाज कानाने येतो त्याच्या आधी बरगड्यांना येतो. लेस पॉल अंगाला टेकलेली असली की ती एखाद्या भल्या थोरल्या शांत जनावरासारखी असते, ती फारशी हलतच नाही, आणि त्या न हलण्याच्या भरवशावर तो वाजवतो. एसजी घेतली की पोटावर गुदगुल्या होतात. हे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. हलकं, पातळ लाकूड वादकाला जास्त थरथरतं. श्रोत्याला ते कळत नाही, माइकला कळत नाही, पण वादकाला कळतं, आणि ज्याला कळतं त्याचा हात बदलतो. आमच्या टेस्टमध्ये हे मोजायची सोयच नव्हती.

तरीही त्याने एसजीवाल्याची एक जुनी एसजी उसनी नेली. तीन किलोची. तीन आठवड्यांनी बोटं आणखी बधिर! आम्हाला कळेना. वजन तर पावणेदोन किलोने उतरलं होतं.

कारण कागदावर चित्र काढल्यावर दिसलं. पट्ट्याला लटकलेली गिटार म्हणजे तराजू. पट्टा दोन ठिकाणी अडकवतात आणि गिटारीचा गुरुत्वमध्य त्या दोन टोकांच्या मध्ये चांगला आत यावा लागतो. स्ट्रॅटोकास्टरचं वरचं शिंग पार बाराव्या पडद्यापर्यंत पुढे येतं आणि पट्टा तिथे अडकतो, म्हणून ती आडवी राहते. एसजीचा पट्टा अडकतो मानेच्या मुळाशी, मागच्या बाजूला. अंग हलकं, मान लांब, टोकाला खुंट्यांचं लोखंड. हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. वादक तिला नकळत डाव्या हाताने उचलून धरतो. तरुणाच्या हाताला ते जाणवतही नाही. याच्या मात्र नेमक्या दुखऱ्या हातावर दिवसभराचा भार. खांद्यावरचं वजन उतरवून आम्ही ते मनगटात नेऊन ठेवलं होतं. आतून खरखरीत कातडं असलेला रुंद पट्टा लावला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मग दुरुस्तीवाल्याने एका शुक्रवारी पिशवीतून एक चीज काढली. पार्कर फ्लाय. केन पार्कर नावाचा कारागीर आणि पिकअपवाला लॅरी फिशमन यांनी मिळून १९९३ मध्ये बाजारात आणलेली गिटार. सुरुवातीच्या गिटारी तर आमच्या शेजारच्या विल्मिंग्टन गावातच बनायच्या. गेली काही वर्षं त्या बनत नाहीत. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. आत हलकं लाकूड आणि बाहेरून कार्बन आणि काचेच्या धाग्यांचं इपॉक्सीत बसवलेलं पातळ कवच. इंजिनियर वाचकांना आय-बीम आठवला असेल. ताठपणा लागतो तो बाहेरच्या कातडीत, आतला गाभा नुसता अंतर राखायला. मानेलाही तेच कवच. म्हणजे जाडी कमी केली की घनाच्या हिशेबाने जे गमावतं ते जास्त ताठ मालाने भरून काढलेलं. पडदे स्टेनलेस स्टीलचे, खाचेत न ठोकता चिकटवलेले. वरचं शिंग लांब पुढे आलेलं, खुंट्यांचं टोक एवढंसं, त्यामुळे पट्ट्याला लावून हात सोडला तर जिथल्या तिथे राहते.

पण दिसायला! काय सांगू. विमानाचा पंख, मासा आणि दंतवैद्याची खुर्ची यांचं मिळून एक. एसजीवाल्यानेसुद्धा तोंड फिरवलं. म्हणजे शिंगांवरून ज्याने आयुष्यभर टोमणे खाल्ले तो! लेस पॉलवाला म्हणाला, "ही घेऊन मी लोकांसमोर उभा राहू?" ओंडक्याला पंख जोडणाऱ्या त्या म्हाताऱ्या लेस पॉलची मला आठवण झाली, पण बोललो नाही.

तो घरी घेऊन गेला खरा, पण वाजवायला नव्हे. पुढच्या आठवड्यात आला तो पडद्यांबद्दलच बोलत होता. स्टेनलेसचा एवढा बारीक पडदा नुसता चिकटवून टिकतो कसा, मागचं झाकण काढून पाहिलं तर आतलं काम किती नेटकं आहे, अमुक जागी कड किती इंच उरते. मायक्रोमीटर लावून मोजलं होतं. चाळीस वर्षं धातू कापलेल्या माणसाला दुसऱ्या कारागिराचं काम आवडलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात टोनबद्दल बोलला, आणि तेही एवढंच, की पोटाला गुदगुल्या कमी होतात. आवाज बरा आहे की वाईट यावर अजूनपर्यंत त्याने मत दिलेलं नाही.

एप्रिलमध्ये माजी सैनिकांच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. दोन तास, उभ्याने. मध्यंतरात एक टोपीवाले गृहस्थ आले, त्यांनी त्या गिटारीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, वाजवलंस छान, पण आवाज जरा पातळ वाटला नाही का? लेस पॉलवाल्याने मान डोलावली आणि बिअर घ्यायला गेला. मी ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाशी बसलो होतो. त्या रात्री त्याच्या अँपची सगळी बटणं जुन्या लेस पॉलच्या खुणांवरच होती.

लेस पॉल विकलेली नाही. भिंतीला लावलेली आहे. रविवारी सकाळी ती काढून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून, अँप न लावता वाजवतो, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं. अनामिकेत संवेदना बरीचशी परत आली आहे. करंगळी अजून बधिरच आहे. करंगळीवाचून फारसं काही अडत नाही असं तो म्हणतो, आणि एसजीवाला म्हणतो की करंगळी तो आधीही वापरत नव्हताच.